मुलांशी बोलणारे गुरुजी

लहान मुलांशी बोलणे हे भरसभेत भाषण करण्यापेक्षा अवघड काम आहे. सभेतले श्रोते कंटाळले तरी शिष्टाचार म्हणून बसून राहतात. मुले तसे करत नाहीत. बोलणारा माणूस खोटा आहे, त्याला आपल्याविषयी खरोखर काही वाटत नाही, हे त्यांना दोन मिनिटांत कळते आणि ती उठून खेळायला जातात. म्हणूनच जो माणूस वर्षानुवर्षे मुलांशी बोलत राहिला आणि ज्याचे मुलांनी ऐकले, त्याच्यात काहीतरी विशेष असले पाहिजे असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर १६ ऑक्टोबर १९५८ रोजी 'ब्लू पीटर' नावाचा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. जहाज बंदर सोडून निघायचे असले म्हणजे त्यावर जे निळे निशाण चढवतात, त्याचे हे नाव. क्रिस्टोफर ट्रेस आणि लैला विल्यम्स हे त्याचे पहिले निवेदक. पुढे जॉन नोक्ससारखे निवेदक आले आणि बारा-बारा वर्षे राहिले. साठ वर्षांहून अधिक काळ हा कार्यक्रम चालला. त्यात निवेदक मुलांना रिकाम्या खोक्यांपासून खेळणी करायला शिकवीत, प्राणी पाळायला शिकवीत, दुसऱ्यांच्या मदतीसाठी घरातल्या टाकाऊ वस्तू गोळा करायला सांगत. आणि मुले खरोखरच त्या गोळा करून पाठवीत. ज्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नाही अशा त्या निवेदकांना तिथली मुले घरच्या दादा-ताईसारखी मानू लागली. त्याविषयी वाचत असताना माझ्या मनात सहज प्रश्न आला, की आपल्या मराठी मुलांचा असा माणूस कोण? आपल्याकडेही आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर मुलांचे कार्यक्रम झाले, चांगले झाले. पण उत्तर शोधता शोधता मी ज्या माणसापाशी येऊन थांबले, त्याच्यापाशी ना रेडिओ होता, ना कॅमेरा. त्याच्यापाशी होती एक लेखणी, थोडे कागद आणि अमळनेरच्या वसतिगृहातली मुले. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपले साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे खोताचे. एके काळी चांगले नांदते. पण गुरुजींच्या बालपणी कर्ज वाढत गेले, भाऊबंदकी झाली, घरादारावर जप्ती आली. वडील सदाशिवराव मानी स्वभावाचे आणि आई यशोदाबाई तर सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीची. ही आई शिकलेली नव्हती, पण मुलाला शिकवण्यासाठी तिला पुस्तक लागले नाही. अंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून मुलगा हट्ट करू लागला तेव्हा तिने आपला पदर पसरला आणि पाय जपतोस तसेच मनही जप असे त्याला सांगितले. वाटेत एका अस्पृश्य म्हातारीची मोळी कुणी उचलून देत नव्हते तेव्हा तिने मुलाला ती उचलून द्यायला पाठवले. त्या काळी कोकणातल्या खेड्यात एका ब्राह्मण घरातल्या बाईने असे करणे ही साधी गोष्ट नव्हती. ही मोळीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे पंढरपूरला ती पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

शिक्षणासाठी गुरुजींना घर सोडून दापोली, मग औंध आणि मग पुणे असे भटकावे लागले. कुठे नातलगांकडे, कुठे हाताने स्वयंपाक करून, कुठे अर्धपोटी. १९१७ मध्ये आई गेली. शेवटच्या क्षणी मुलगा जवळ नव्हता. हे दुःख गुरुजींनी आयुष्यभर उराशी धरले. पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून ते मॅट्रिक झाले आणि पुढे न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, शिकले. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था होती, तिथे अभ्यासासाठी म्हणून ते गेले. पण ग्रंथांतल्या ब्रह्मापेक्षा समोरची मुले त्यांना अधिक ओढू लागली असावीत. १९२४ साली ते तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

गुरुजींचे खरे मोठेपण मला या वसतिगृहात दिसते. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली ही मुले. पहिल्यांदाच घर सोडलेली. कुणाला ताप यायचा, कुणाला घरची आठवण यायची, कुणाला खोली आवरायची सवय नसायची. गुरुजी त्यांना रागावत नसत. मुले शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडून ठेवत, अंथरुणे नीट घालत, विस्कटलेले कपडे घडी करून ठेवत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसत. मुले परत आली की खोली पाहून ओशाळत आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच झाडू हातात घेत. शिक्षा न करता शिस्त लावण्याची ही रीत फार थोड्या शिक्षकांना साधते. कारण तिला वेळ लागतो आणि स्वतःचा अहंकार बाजूला ठेवावा लागतो.

याच वसतिगृहात त्यांनी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. हे दैनिक म्हणजे छापलेला कागद नव्हे. गुरुजी स्वतःच्या हाताने लिहून काढत आणि मुलांना वाचायला लावून ठेवत. देशात काय चालले आहे, जगात कोण थोर माणसे होऊन गेली, वसतिगृहात काल काय चुकले, कुणाचे कौतुक करायला हवे, कोणते नवे पुस्तक वाचावे, असे सगळे त्यात असे. रोज नवा मजकूर. शाळेत शिकवून, वह्या तपासून, मुलांची आजारपणे काढून, उरलेल्या वेळात एकटा माणूस मुलांसाठी रोजचे वर्तमानपत्र हाताने लिहितो, ही गोष्ट आजच्या दिवसांत नुसती कल्पनेत आणून पाहावी. दूरचित्रवाणीच्या त्या कार्यक्रमामागे एक मोठी संस्था होती, पैसा होता, माणसे होती. इथे सगळी संस्था म्हणजे एक माणूस. पण दोन्हीकडे मुलांचा विश्वास मिळाला तो एकाच कारणाने. ठरलेल्या वेळी आपल्यासाठी कुणीतरी न चुकता येतो, आपल्याला लहान समजून फसवत नाही, आपल्याला काही करायला सांगतो, हे मुलांना कळले होते. पुढे गुरुजींनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले.

१९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि गुरुजींनी शाळा सोडली. ज्या मुलांना देशासाठी जगायला शिकवले त्यांच्यासमोर आपण घरात बसून राहणे त्यांना शक्य नव्हते. मग तुरुंगवास सुरू झाला. धुळे, तिरुचिरापल्ली, नाशिक. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात वेगवेगळ्या प्रांतांचे सत्याग्रही होते. तिथे त्यांनी तमिळ आणि बंगाली भाषांचा अभ्यास केला आणि पुढे तिरुवल्लुवरांचा 'कुरल' मराठीत आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दर रविवारी अठरा प्रवचने दिली. ती ज्याने भराभर लिहून घेतली तो हात साने गुरुजींचा. आज 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आहे तो त्या टिपणांमुळे. दुसऱ्याचे शब्द जपून ठेवण्यातही ते इतकेच तत्पर होते.

आणि नाशिकचा तुरुंग. फेब्रुवारी १९३३. दिवसभराचे तुरुंगातले काम आटोपल्यावर गुरुजी लिहायला बसत. ९ तारखेला सुरुवात झाली आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत, अवघ्या पाच दिवसांत, 'श्यामची आई'चा मोठा भाग लिहून झाला. या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. आज एक, उद्या दुसरी. ऐकणारे वाट पाहतात, शेजारपाजारचे येऊन बसतात. मुलांसाठी क्रमशः चालणारा कार्यक्रम कसा असावा याचा हा नमुनाच आहे. १९३५ साली पुस्तक बाहेर आले. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले आणि १९५४ साली, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी, या मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ते पाहायला गुरुजी मात्र नव्हते.

माझ्या आईला वाचता येत नाही. ती घरी कांड्या भरते. शाळेच्या बक्षिसात मिळालेले 'श्यामची आई' मी तिला कांडीच्या यंत्राच्या आवाजात मोठ्याने वाचून दाखवले आहे. यशोदाबाईचे दागिने गेले, घर गेले, त्या ठिकाणी आई काहीच बोलत नसे. फक्त यंत्र थोडा वेळ बंद करी. पुस्तक कुणासाठी लिहिले आहे हे मला त्या वेळी समजले. आता वर्गात आमच्या काही मैत्रिणी म्हणतात की या पुस्तकातली आई फार सोसते, आणि बाईने सोसतच राहावे असे मुलींच्या मनावर त्यातून बिंबते. हा आक्षेप मला सोडून द्यावासा वाटत नाही. पण मला असेही दिसते की ती आई नुसती सोसत नाही. चूक दिसली की मुलाला ठणकावते, आणि गावाच्या रीतीविरुद्ध त्याला मोळी उचलायला पाठवते. तिच्या सोसण्याची पूजा करावी, असे मला वाटत नाही. तिचा कणखरपणा मात्र घ्यावा.

गुरुजींनी मुलांसाठी जे लिहिले त्यात 'गोड गोष्टी' या मालेचे मला विशेष वाटते. जगातल्या मोठमोठ्या कादंबऱ्या त्यांनी आपल्या मुलांना समजतील अशा करून सांगितल्या. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीची 'दुःखी' झाली. जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर'ची 'मनूबाबा' झाली. हा मनूबाबा विणकर आहे. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, तो गाव सोडतो, दुसरीकडे एकटाच राहून माग चालवतो, मोहरा साठवतो आणि त्यांच्यावरच जीव लावतो. मोहरा चोरीला जातात आणि त्याच्या दारात एक अनाथ मुलगी येते. त्या मुलीमुळे तो पुन्हा माणसांत येतो. भिवंडीत राहणाऱ्या वाचकाला ही गोष्ट परकी कशी वाटेल? आपले गाव छोडून मागावर येऊन पोट भरणारी हजारो माणसे आपल्या गल्लीगल्लीत आहेत. इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या विणकराचे सुखदुःख आणि आपल्या शेजारच्या कारखान्यातल्या कामगाराचे सुखदुःख एकच, हे गुरुजींनी कोणताही उपदेश न करता मुलांना दाखवून दिले.

तरीही गुरुजींना पुष्कळ लोक रडके म्हणतात. त्यांच्या पुस्तकांत अश्रू फार, असा शेरा अभ्यासक मारतात आणि आम्ही विद्यार्थी तो परीक्षेत लिहितो. मला हा शेरा अपुरा वाटतो, कारण तो देणारे गुरुजींचे आयुष्य बाजूला ठेवतात. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, त्यासाठी हा माणूस खानदेशात गावोगाव हिंडला. १९३८ साली त्यांनी 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले, शेतकऱ्यांची आणि गिरणी कामगारांची बाजू घेतली. १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहून काम केले. हे हळव्या माणसाचे काम आहे, पण दुबळ्या माणसाचे खचित नाही.

आणि १९४७ चे पंढरपूर. स्वातंत्र्य दाराशी आले होते. पण ज्या विठोबाच्या दारी चोखामेळ्याला बाहेर राहावे लागले, त्याच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या माणसाला अजूनही जाता येत नव्हते. गुरुजींनी त्यासाठी महाराष्ट्रभर दौरा काढला, सभा घेतल्या, माणसांची मने वळवली. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले. खुद्द गांधीजींना हे उपोषण प्रथम पटले नव्हते. तरी गुरुजी मागे हटले नाहीत. १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. पालगडच्या वाटेवर आईच्या सांगण्यावरून उचललेली मोळी आणि चंद्रभागेकाठचे हे उपोषण यांमध्ये मला सरळ रेषा दिसते. मुलांना गोष्ट सांगायची आणि स्वतः मात्र त्या गोष्टीबाहेर राहायचे, हे गुरुजींना जमले नाही.

गांधीजींच्या हत्येने ते मुळापासून हादरले. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथली गाणी, तिथले साहित्य आपले मानावे आणि त्यासाठी एक संस्था उभी राहावी, असे त्यांचे स्वप्न होते. प्रेषित मुहम्मदांचे चरित्रही त्यांनी मराठी वाचकांसाठी लिहिले, तेही आपुलकीने.

या ठिकाणी मला आपल्या गावाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. भिवंडीत एका रस्त्यावर मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चारही भाषा ऐकू येतात. उत्तरेकडून आलेले विणकर, तेलंगणाकडून आलेले पद्मशाली, आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, सगळ्यांचे पोट एकाच मागावर. एकाने ताणा लावायचा, दुसऱ्याने बाणा, तेव्हा कापड होते. तरी १९७० आणि १९८४ या दोन सालांची नावे घेतली की घरातली वडीलधारी माणसे गप्प होतात. त्या दंगलींत किती संसार जळाले! आपण शेजारच्या भाषेतली एक तरी गोष्ट वाचली आहे का? शेजारच्या घरातला सण कशासाठी असतो हे आपल्याला ठाऊक आहे का? गुरुजींची आंतरभारती म्हणजे दिल्ली-मद्रासची मोठी गोष्ट आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की ती आपल्या गल्लीपासून सुरू होते. आमच्या महाविद्यालयातल्या वर्गातही उर्दू शाळेतून आलेल्या मुली वेगळ्या बाकावर आणि मराठी शाळेतून आलेल्या वेगळ्या बाकावर बसतात. कुणी सक्ती केलेली नाही. आपोआपच तसे होते. त्यामुळे ते मोडायचे तर आपणच मोडायला हवे.

आता शेवटची गोष्ट, जी सांगताना पुष्कळ लेखक अडखळतात. आयुष्याच्या अखेरीच्या काळात गुरुजी आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रे लिहीत होते. ती 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांत फुले आहेत, पाखरे आहेत, तारे आहेत, जगातल्या घडामोडी आहेत. ती वाचताना असे वाटते की या माणसाचे जगावर केवढे प्रेम होते. आणि ११ जून १९५० रोजी याच माणसाने स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवले. वय अवघे पन्नास वर्षांचे.

कुणी याला आत्मसमर्पण म्हणतात, कुणी निराशा म्हणतात. मुलांसाठीच्या चरित्रांत कधीकधी ही ओळ गाळलेलीच असते. मला ते बरे वाटत नाही. मुलांना फसवायचे नाही, हा ज्यांचा आयुष्याचा नियम होता त्यांच्याविषयी आपण मुलांना अर्धे सत्य का सांगावे? मात्र त्या कृतीला तेजोवलय देणेही मला मान्य नाही. इतरांच्या उशाशी रात्र रात्र बसणाऱ्या या माणसाच्या मनाला केवढा थकवा आला असेल, आणि त्या रात्री त्यांच्या उशाशी बसायला कुणी हवे होते, एवढेच मला म्हणावेसे वाटते. जो सर्वांना धीर देतो त्याला धीराची गरज नसते, असे आपण धरून चालतो. वर्गातला नेहमी हसणारा मित्र, घरातली कधीच न थकणारी आई, सगळ्यांचे ऐकून घेणारे एखादे सर, यांना आपण कधी विचारतो का, की तुम्ही कसे आहात? गुरुजींच्या जाण्यातून काही शिकायचे असेल तर ते हे आहे.

गुरुजी गेले त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. 'साधना' अजूनही निघते. शाळाशाळांतून त्यांची प्रार्थना अजूनही म्हटली जाते, पुष्कळदा ती कुणाची हे ठाऊक नसतानाही. मुलांशी बोलण्याची साधने आता उदंड झाली. हातातल्या हातात चित्रे हलतात, गोष्टी सांगणारे आवाज चोवीस तास चालू असतात. पण मुलांची खोली झाडून ठेवणारा, त्यांच्यासाठी रोज हाताने लिहिणारा आणि त्यांना सांगितले तसेच वागणारा माणूस यंत्रातून मिळत नाही. आपल्यापैकी अनेकजण उद्या डी.एड., बी.एड. करून शिक्षक होणार आहेत. निदान त्यांनी तरी आपल्या वर्गातल्या पहिल्या दिवशी अमळनेरच्या त्या वसतिगृहाची आठवण ठेवावी, आणि हाती खडू घेण्यापूर्वी समोर बसलेल्या प्रत्येक मुलाचे नाव विचारून घ्यावे.